खताचा ताप पाहणारे आबा

माझ्या सासऱ्यांना मी पहिल्यांदा नीट पाहिले ते लग्नानंतरच्या दुसऱ्या सकाळी, आणि त्या वेळी त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत उकिरड्यात होता. बाही दंडापर्यंत दुमडलेली, डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत होते. मी पंचवटीत वाढलेली. शेणाशी माझा संबंध दिवाळीत दारात घालायच्या सड्यापुरता. मला वाटले, इथे उकिरड्याचीही काही पूजा असते की काय. जवळ गेल्यावर शब्द ऐकू आले. "सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार..." शुक्रवारी त्यांनी हात झटक्यात बाहेर ओढला, त्यावर फुंकर मारली आणि माझ्याकडे बघून काळजीने म्हणाले, "अजून ताप हाय गं. शुक्रवारच्या म्होरं जाऊ देईना."

सायखेड्यात त्यांना सगळे 'तापवाले आबा' म्हणायचे. शेणखत कुजायला लागले की आतून तापते. ते पुरते कुजले की आपोआप गार होते. हे मला बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेऊनही कुणी सांगितले नव्हते. आबांची परीक्षा सोपी होती. ढिगाच्या पोटात हात घालायचा आणि सावकाश वार म्हणायचे. सोमवार ते रविवार हात आत ठेवता आला तर खत तयार. मधल्याच कुठल्या वारी हात बाहेर आला तर आणखी थांबायचे. कच्चे खत टाकणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग यायचा. म्हणायचे, "पोटच्या लेकराला चुलीवरचं उकळतं दूध कुणी पाजतं का? मंग झाडाला कशापायी?"

आमचा मळा गावाबाहेर, गोदावरीच्या अंगाला. गुलाब मुख्य, बाकी वांगी, मेथी, कोथिंबीर. पहाटे तोडलेला गुलाब माझा नवरा नाशिकच्या फूलबाजारात घेऊन जायचा आणि श्रावणात तर थेट त्र्यंबकेश्वराला. गुलाबाला शेणखत लागते, तेही भरपूर, आणि त्या काळात ते मिळायचे नाही. घरच्या सात-आठ संकरित गाईंचे पुरत नसे, म्हणून नांदगावकडून लेंडीखताच्या ट्रॉल्या यायच्या. ट्रॉली आली की आबा आधी हात घालणार. एकदा बुधवारीच त्यांचा हात बाहेर आला. त्यांनी ड्रायव्हरला खाली उतरवले आणि त्याचाही हात आत घालायला लावला. तो बिचारा मंगळवारपर्यंतही पोहोचला नाही. "बघ, तुला सोसंना. आमच्या गुलाबाला सोसंल का?" असे म्हणून आबांनी त्याला चहा पाजला आणि भरलेली ट्रॉली तशीच परत धाडली.

आता त्यांच्या काळजीविषयी. माझा नवरा बाजारातून परत येईपर्यंत हा माणूस ताटावर बसायचा नाही. आभाळ आले तर काळजी, आभाळ गेले तर काळजी. पावसाळ्यात नदीला पाणी चढले की घाटाच्या कुठल्या पायरीपर्यंत आले ते दिवसातून चारदा बघून यायचे, आणि ते ओसरू लागले की इतक्या लवकर का ओसरले म्हणून पुन्हा बघायला जायचे. घरात फोन आला तेव्हा तर बघायलाच नको. तो वाजला की त्यांचा चेहरा उतरायचा. "काहीतरी झालंच असंल, उगाच कोण वाजवतंय?" मी त्यांची खूप थट्टा करायचे. एकदा म्हटले, "आबा, काळजी संपली तर तुमचे दिवस कसे जायचे?" ते जराही हसले नाहीत. म्हणाले, "संपली की मला सांग. म्या तयारच हाय."

मला त्यांचा राग कधी आला नाही. एक तर ते मला फार मान द्यायचे. "आमची सून रसायन शिकल्याली हाय," असे ते कुणालाही सांगायचे, विचारलेले नसले तरी. मी मात्र दिवसभर पोळ्या लाटायचे आणि गुलाबाच्या जुड्या बांधायचे. माझे रसायन त्या घरात कुणाच्या काही कामाचे नव्हते. ते एक दिवस आबांच्याच कामाला येईल आणि असे येईल, हे कॉलेजात असतानाच कुणी सांगितले असते तर मी शिक्षणच सोडले असते.

उकिरडा विहिरीपासून पंधरा-वीस पावलांवर होता. जागा वडिलोपार्जित. आबांचे वडील, त्यांचे वडील, सगळ्यांनी विहिरीच्या त्याच अंगाला शेण टाकले होते. तिथे सोय अशी की विहीर जवळ. खताला ताप फार चढला की आबा त्यावर पाणी मारायचे. ते त्यांचे खास तंत्र. चार बादल्या आज, सहा उद्या, आणि पुन्हा हात आत. ढिगातून काळसर पाणी निथळायचे आणि उताराने विहिरीकडे जायचे. मधल्या ओलीत त्यांनी अळू लावले होते. असे अळू मी जन्मात पाहिले नव्हते. एकेक पान सुपाएवढे. पाहुण्यांना आबा आधी अळू दाखवायचे, मग गुलाब. "ह्याला म्या येक दाना खताचा घातला नाय, निस्तं निथळल्यालं पाणी," हे सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा. एरवी तो चेहरा क्वचित खुलायचा म्हणून मला ते अळू आवडायचे.

दिवाळीत आमच्याकडे उकिरड्यावर पणती ठेवतात. ती आबा स्वतः ठेवायचे. बाकीच्या पणत्या बायकांनी लावाव्यात, ही मात्र त्यांची.

लग्नानंतर तीन वर्षांनी फुलशेती करणाऱ्यांची एक सहल हॉलंडला निघाली. आमच्या घरासाठी जागा एकच होती. पासपोर्ट बाप-लेकाने दोघांनीही काढून ठेवले होते. मला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते आणि पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हते, म्हणून नवरा म्हणाला, "आबा, तुम्हीच जा." आबांनी पंधरा दिवस काळजी करून घेतली. विमान पडले तर, थंडी वाजली तर, तिकडे भाकरी नसली तर. शेवटी सासूबाईंनी दशम्या बांधून दिल्या आणि त्यांना दारातून जवळजवळ ढकललेच.

आठ दिवसांनी ते परत आले. बाकीच्या शेतकऱ्यांनी काचघरातल्या गुलाबांचे फोटो आणले होते, ट्यूलिपचे कंद आणले होते. आबांनी आणली होती एक वही आणि त्या वहीत फक्त गोठे. तिथे जाऊन त्यांनी फुलांकडे धड पाहिलेसुद्धा नाही. बसमधून एका गाईवाल्याचे शेत दिसले आणि त्यांनी पुण्याच्या दुभाष्या पोराच्या मागे लागून बस थांबवायला लावली. ओसरीवर बसून त्यांनी ते सगळे आम्हाला सांगितले. तिथे गाई फटी असलेल्या फरशीवर उभ्या राहतात आणि शेण-मूत खालच्या हौदात पडते. ढीग नाहीच. सगळा पातळ शेणकाला. आबांनी सवयीने बाही वर केली आणि हौदाकडे निघाले, तसा तो मालक ओरडत धावत आला. आत विषारी हवा असते म्हणे. मग त्याने एका बादलीत शेणकाला काढून दिला. आबांनी हात घातला.

"सोमवार ते रईवार दोनदा म्हनलं," आबा म्हणाले, "निस्तं गार. त्याला कदी ताप आल्यालाच नाय. आन् त्ये मशिनीनं जमिनीत टोचत्यात, डाक्टर सुई टोचतो तसं."

आम्ही हसत होतो. पण पुढचे ऐकून मी थक्क झाले. तिकडे खत इतके आहे की ते कुठे घालवायचे हीच चिंता. कुठल्या शेतात किती टाकायचे ते सरकार ठरवते. हिवाळ्यात टाकायला बंदी. जास्तीचे खत कुणी न्यावे म्हणून शेतकरीच नेणाऱ्याला पैसे मोजतो. आबांचा यावर विश्वासच बसत नव्हता. "आपुन नांदगावापस्नं ट्रॉली आनतो, हात जोडून आनतो. आन् तिथं खत घ्या म्हून पाया पडत्यात! येका देशाला खायला नाय आन् दुसऱ्याला आजीर्न झालंय."

"मग बरे आहे की त्यांचे," मी म्हटले.

आबांनी वही मिटली. मग म्हणाले, "बरं कुठलं? त्यांच्या हिरी नासल्या." त्या मालकाच्या बायकोने कॉफी दिली. आबांनी अंगणातल्या विहिरीचे पाणी मागितले, तर तिने मान हलवली आणि घरातून नळाचे आणून दिले. विहिरीचे पाणी फक्त फरशी धुवायला. का, असे विचारल्यावर ती काहीतरी म्हणाली आणि दुभाष्याने सांगितले की खताचे पाणी विहिरीत उतरते, ते तान्ह्या बाळांना चालत नाही, बाळे निळी पडतात.

एवढे बोलून आबा उठले आणि गोठ्याकडे गेले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला होता. मी ते पाहिले, पण तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

दुसऱ्या दिवसापासून आबांनी हात घालणे सोडले. सकाळी ते उकिरड्यापाशी न जाता विहिरीच्या काठावर उभे राहायचे. तिथून अळूकडे बघायचे, मग ढिगाकडे, मग पुन्हा पाण्याकडे. आठवड्याने त्यांनी मला पाण्याने भरलेली बाटली दिली. "सूनबाई, तुझ्या कॉलेजात तपासून आन." माझ्या जुन्या कॉलेजात मॅडम ओळखीच्या होत्या, त्यांनी सहज तपासून दिले असते. पण मला उलट्या होत होत्या, नाशिकपर्यंतचा एसटीचा प्रवास नको वाटायचा, आणि खरे सांगायचे तर मला हे आबांचे नवे खूळ वाटत होते. मी बाटली खिडकीत ठेवली. आबा रोज विचारायचे, "दिली का?" मी म्हणायचे, "देते." महिनाभराने बाटलीत शेवाळ धरले. आबांनी ती धुतली, पुन्हा भरली आणि माझ्या हातात दिली. रागावले नाहीत.

त्या दुपारी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "जाऊन ये गं त्या कॉलेजात. त्यांना झोप नाय." आणि मग त्यांनी मला ते सांगितले जे त्या घरात कुणी कधी बोलत नसे. माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. नावसुद्धा पक्के झाले नव्हते, सगळे छबी म्हणत. सासूबाईंना दूध कमी होते, म्हणून गाईचे दूध पाणी घालून पाजायचे. "पानी उकळून घालायचो आमी, लय काळजी घ्यायचो. हे सोता उकळायचे. निम्मं आटंस्तवर." अडीच महिन्यांची असताना एके सकाळी तिचे ओठ निळे दिसले, मग नखे. वैद्य झाला, देवऋषी झाला, दृष्ट काढून झाली. चौथ्या दिवशी ती गेली.

"तवा हिरीला कठडा बी नव्हता," सासूबाई म्हणाल्या. "आन् उकिरडा तर हिरीला लागूनच व्हता. नंतर थोडा हिकडं सरकवला."

मी ऐकत होते आणि मला एकेक दुवा जुळताना दिसत होता. कारण हे मी शिकले होते. शेणामुताचे पाणी जमिनीत मुरते, त्यातून नायट्रेट विहिरीत उतरते. मोठ्या माणसाला सहसा काही कळतही नाही. दोन-अडीच महिन्यांच्या बाळाच्या रक्ताला मात्र प्राणवायू नेता येईनासा होतो. आणि पाणी उकळले तरी ते जात नाही. पाणी आटते, ते तेवढेच राहते, म्हणजे उरलेल्या पाण्यात वाढते. आबांनी काळजीपोटी निम्मे आटेपर्यंत उकळले होते.

दुसऱ्याच दिवशी मी नाशिकला गेले. मॅडमनी तपासले. नायट्रेट मर्यादेच्या वर होते, आणि थोडेथोडके नाही. परतीच्या एसटीत मी पोटावर हात ठेवून बसले होते आणि कागद पर्समध्ये होता. सांगू की नको, असा विचारसुद्धा मला करता येईना, कारण आबा स्टँडवरच उभे होते. बहुधा पहिल्या गाडीपासून उभे असावेत.

त्यांनी कागद हातात घेतला. त्यांना त्यातले काही वाचता येत नव्हते. "पास का नापास?" त्यांनी विचारले.

"नापास," मी म्हटले.

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि आम्ही चालू लागलो. मळ्याच्या तोंडाशी आल्यावर ते म्हणाले, "आपला देश खताला उपाशी, आन् आपली हीर खतानं भरल्याली. आपुन येकाच जागी येवढं केलं, सूनबाई, की दारातच हॉलंड झालं."

पुढचे पंधरा दिवस आबांनी उकिरडा हलवला. मळ्याच्या दुसऱ्या टोकाला, उताराच्या खाली, विहिरीपासून होईल तेवढा लांब. खड्ड्याच्या तळाशी चिकण माती चोपली, वर फरशा बसवल्या, भोवती बांध घातला. गडी होते, तरी पहिली पाटी आणि शेवटची पाटी त्यांनी स्वतः उचलली. गावाने यथेच्छ टिंगल केली. आबा हॉलंडला जाऊन शेण उचलायला शिकून आले, असे पारावर बोलले जायचे. आबांनी कुणाला कारण सांगितले नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी विळा घेतला आणि अळू मुळासकट कापले. ती सुपाएवढी पाने पालथी पडलेली होती आणि आबा त्यांच्यात पाठमोरे बसले होते. मी चहा घेऊन गेले आणि तशीच परत आले.

मनू नोव्हेंबरात माझ्या माहेरी जन्मली. तिसऱ्या महिन्यात मी तिला घेऊन सायखेड्याला आले तेव्हा घरात पिण्याच्या पाण्याचा हंडा वेगळा ठेवलेला होता. ते पाणी आबा गावातल्या नळावरून सायकलला कळशा बांधून आणायचे. नळाचे पाणीसुद्धा त्यांनी सासूबाईंकरवी बाटलीतून नाशिकला पाठवून तपासून घेतले होते. आणि रोज सकाळी उठल्याबरोबर त्यांचे एकच, "तिला उजेडात आन." मी मनूला दारात घेऊन उभी राहायचे. ते वाकून तिच्या ओठांकडे बघायचे, मग एकेक नख. बघून झाले की म्हणायचे, "ने आता." माझे दूध भरपूर होते, पोर टुणटुणीत होती, पण मी कधी त्यांना नाही म्हटले नाही. सुरुवातीला मला त्यांची कीव यायची. पुढे पुढे माझेच लक्ष तिच्या ओठांकडे जायला लागले. ती झोपली की मी दिवा जवळ आणून बघायचे. आबांची काळजी मला कधी लागली ते मलाच कळले नाही.

मनू दीड वर्षाची झाली त्या जूनमध्ये मी धुणे वाळत घालत होते. आबांची हाक ऐकू आली, पण ती हाक नव्हतीच, किंकाळी होती. वळून पाहिले तर ते मनूला छातीशी धरून रस्त्याने पळत होते. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. मी मागे धावले. ते गावातल्या दवाखान्यात शिरले आणि रांगेतली सगळी माणसे बाजूला करून त्यांनी तिला टेबलावर ठेवले. "डाक्टर, निळी पडली! व्हट बघा!" डॉक्टरांनी पाहिले. ओठ खरेच जांभळे होते. त्यांनी कापूस ओला करून पुसला. कापसाला रंग आला. मनूच्या मुठीत अर्धे चावलेले जांभूळ होते.

सगळा दवाखाना हसला. डॉक्टर हसले, मनू हसली, धापा टाकत मीही हसले. आबा बाहेर जाऊन बाकावर बसले. मी शेजारी बसले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायचे त्यांना भान नव्हते.

"तिचं बी असंच झालं व्हतं," ते म्हणाले. "तुला ठाव नाय. माझ्या पोराच्या आधी येक लेक व्हती आमाला."

मला ठाऊक आहे, असे मी म्हटले नाही.

"तू रसायन शिकलीस. खरं सांग. तवा आमच्याच खतानं झालं का?"

मी त्यांच्याकडे बघितले नाही. समोरच्या भिंतीकडे बघून म्हटले, "नाही आबा. तेव्हा तुमच्याकडे दोन बैल आणि एक गाय. एवढ्याशा शेणाने विहीर बिघडत नसते. हॉलंडच्या विहिरी बिघडल्या त्या डोंगराएवढ्या खताने. आपली बिघडली ती आता, या संकरित गाई आणि ट्रॉल्या आल्यापासून. तेव्हा आपण हॉलंड नव्हतो."

त्यांनी तळहाताने डोळे पुसले. मग म्हणाले, "खरं?"

"खरं," मी म्हटले.

ते खोटे होते असे मी आजही म्हणणार नाही. ते खरे होते असेही मला म्हणता येत नाही. काठाला लागून असलेला उकिरडा, बिनकठड्याची विहीर आणि निम्मे आटवलेले पाणी, एवढे असल्यावर डोंगर लागत नाही. ती दुसऱ्या कशानेही गेली असेल. मला माहीत नाही. पण मला जे माहीत होते त्यातले अर्धेच मी त्यांना दिले.

त्यांनी मला पुन्हा कधी विचारले नाही. मला वाटले, त्यांना पटले. पण त्या दिवाळीत नव्या उकिरड्यावर पणती ठेवून झाल्यावर त्यांनी दुसरी पणती उचलली आणि जुन्या जागेवर नेऊन ठेवली. तिथे तेव्हा नुसती मोकळी जमीन होती. त्या तुकड्यात त्यांनी कधी काही लावले नाही. पणती ठेवून ते थोडा वेळ उभे राहिले. सासूबाई दारातून बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे बघत होते.

नंतरची वर्षे गावात कोंबड्यांच्या शेड उभ्या राहण्याची. कोंबडीखत स्वस्त, कच्चेच शेतात पडायचे, द्राक्षबागांत तर ट्रॉल्याच्या ट्रॉल्या. आबा रस्त्यात ट्रॉली अडवायचे. "हात घालून बघा रे! सोमवार तरी व्हतोय का?" पोरे हसून ट्रॅक्टर पुढे काढायची. आबा घरी येऊन म्हणायचे, "आता सगळं गावच हॉलंड व्हनार. त्यांना सरकार तरी हाय सांगाया, आपल्याला कोन सांगनार?" मग बायका हळूहळू माझ्याकडे बाटल्या घेऊन येऊ लागल्या, ज्यांच्या घरात कुणी बाळंतीण असायची त्या. मी बाटल्या नाशिकला पोचवायचे. लग्नापासून ओट्यावर पडून असलेले माझे रसायन असे कामाला लागले. आमच्या विहिरीची बाटलीसुद्धा दरवर्षी दिवाळीआधी जायची. "पास का नापास?" आबा विचारायचे. दरवर्षी आकडा थोडा खाली यायचा, आणि दरवर्षी मी सांगायचे, "नापास, पण सुधारतंय."

उकिरडा हलवल्याला नऊ वर्षे झाली त्या वर्षी आबा अंथरुणाला खिळले होते. छातीत पाणी झाले होते, बोलताना दम लागायचा. मी नाशिकहून आले ती जवळजवळ पळतच त्यांच्या खोलीत गेले. "आबा, पास! मर्यादेच्या आत आलं. पाणी साफ झालं आबा!"

मला वाटले होते ते हसतील. नऊ वर्षे ज्या शब्दाची वाट पाहिली तो शब्द मी घेऊन आले होते. आबांनी छताकडे बघितले आणि हळूच म्हणाले, "म्हंजी उकिरडा हलवला आन् पानी सुदारलं."

"हो!"

"म्हंजी खताचंच व्हतं."

माझ्या हातात कागद तसाच राहिला. मी आणलेली चांगली बातमी त्यांच्या दृष्टीने निकाल होती, आणि तो निकाल मीच वाचून दाखवला होता.

"आबा, ते आताचं. तेव्हा..."

"तवा उकिरडा हिरीला लागूनच व्हता, सूनबाई," ते म्हणाले. "तुला ठाव नसंल म्हून तू तसं म्हनलीस."

या वेळी मला भिंतीकडे बघता आले नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि त्यांना कळले असावे की मला ठाऊक होते. त्यांनी हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. शेणाने आणि उन्हाने रापलेला तो हात फार हलका झाला होता. मला रडू आवरेना.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "मनूला बोलव. हिरीचं पानी आन गिलासात. हंड्यातलं नको."

मनू आठ वर्षांची होती. जन्मल्यापासून तिने त्या विहिरीचे पाणी तोंडाला लावले नव्हते. तिने माझ्याकडे बघितले, मी होकारार्थी मान हलवली, आणि तिने सगळा गिलास एका दमात पिऊन टाकला. आबा उशीवरून मान उचलायचा प्रयत्न करत होते.

"उजेडात ये," ते म्हणाले.

ती खिडकीपाशी सरकली. आबांनी तिच्या ओठांकडे खूप वेळ बघितले, पाणी आत्ताच प्यायली आहे आणि आत्ताच काय दिसणार हे ठाऊक असूनही बघितले. मग म्हणाले, "जा, खेळ."

त्या थंडीतच आबा गेले.

आता गुलाब माझा नवरा बघतो आणि खत मी. बाही दंडापर्यंत दुमडून मी हात घालते आणि सोमवारपासून सुरू करते. गावातल्या बायका हसतात आणि घरी जाऊन स्वतःही करतात, हे मला कळलेले आहे. दिवाळीत दोन्ही पणत्या मी ठेवते. आबा गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला मनू माझ्याबरोबर जुन्या जागेपर्यंत आली आणि तिने विचारले, "आई, इथं तर काहीच नाही. इथं कुणासाठी?"

आबांनी मला हे खरे सांगायला सांगितले नव्हते, आणि नको असेही सांगितले नव्हते. मी पणती खाली ठेवली, वाऱ्याला आडोसा केला.

"तुझ्या आत्यासाठी," मी म्हटले.

"मला आत्या होती?"

"होती," मी म्हटले, आणि पणती स्थिर होईपर्यंत तिला सगळे सांगितले.